टू बीएचके फ्लॅटमध्ये प्रत्येक खोलीला वेगळा रंग द्यावा की घरभर एकच?

घरभर एकच ऑफ-व्हाइट धरा आणि वेगळा रंग फक्त बेडरूमच्या पलंगामागच्या भिंतीला द्या. टू बीएचकेमध्ये दारं सहसा उघडीच असतात, त्यामुळे सोफ्यावर बसलं की तीन खोल्यांच्या भिंती एकदम नजरेत येतात. तिथे पिस्ता, पीच आणि जांभळा शेजारी-शेजारी आले की घर आहे त्याहून लहान वाटतं. मी इंटिरियरची कामं करते, आणि रंग ठरवताना शेड कार्ड (रंगछटांच्या नमुन्यांचं कार्ड) शेवटी उघडते. आधी फरशी बघते, कारण ती बदलायची नसते. फरशी आयव्हरी (हस्तिदंती) व्हिट्रिफाइड टाइलची असेल तर किंचित पिवळसर झाक असलेला ऑफ-व्हाइट घ्या; निळसर पांढरा लावलात तर तीच फरशी मळल्यासारखी दिसते. कोट्याच्या हिरवट-राखाडी लादीला मात्र राखाडी झाक चालते. शेड कार्डवरच्या एवढ्याशा चौकोनावरून रंग ठरवू नका (रंगारी घाई करणारच). नमुन्याचा छोटा डबा आणून दोन फुटांचा पट्टा दोन हात मारून वाळू द्या आणि दिवसा, शिवाय रात्री तुमच्याच दिव्यात बघा: ३००० केल्विनच्या पिवळसर दिव्यात आणि ६५०० च्या पांढऱ्याफेक उजेडात तोच रंग ओळखू येत नाही. एक अपवाद: डक्टकडे (इमारतीतल्या पाइपांच्या अरुंद मोकळ्या जागेकडे) खिडकी असलेल्या अंधाऱ्या खोलीत हाच ऑफ-व्हाइट मळकट दिसतो, तिथे शेड कार्डवरच्या त्याच पट्टीतली एक पायरी फिकट छटा घ्या.