शनिवारी विमान कुणाचं?

प्रश्न : आम्ही सनीवेलला राहतो. दोघंही टेकमध्ये नोकरीला, ग्रीन कार्ड आहे. मुलगी अकरावीत, मुलगा सातवीत. माझ्याकडे प्रायव्हेट पायलटचं लायसन्स आहे, आतापर्यंत १४० तास झालेत, गेल्या वर्षी ५८ तास उडवलं, क्लबाच्या असल्याच विमानावर, पेट्रोलसकट तासाला १७५ डॉलर भाड्यानं. १९७८ चं सेस्ना १७२एन १,०५,००० डॉलरला मिळतंय. २०,००० आमच्या इमर्जन्सी फंडातून आणि ८५,००० चं कर्ज, १५ वर्षं, साडेआठ टक्के. घरच्यांना घेऊन ताहो, सॅन दिएगो करायचं आणि पुढे इन्स्ट्रक्टर होऊन याच विमानावर शिकवायचं, म्हणजे खर्च निघेल. ब्रोकर म्हणतो की सगळी किंमत पहिल्याच वर्षी टॅक्समधून वजा होते. मित्र म्हणतो एलएलसी (मर्यादित जबाबदारीची कंपनी) काढ. लॉगबुकची पानं आणि वजनाचे आकडे सोबत पाठवलेत. घ्यावं का?

उत्तर : हे विमान, या कर्जावर, आत्ता घेऊ नका. विमानच घेऊ नका असं मात्र म्हणत नाही. त्याकडे शेवटी येतो.

आधी खर्चाचा हिशेब. बे एरियात टायडाउन (विमान उघड्यावर बांधून ठेवायच्या जागेचं भाडं) महिना २०० धरला तर वर्षाला २,४००. विमा, फक्त स्वतःच्या वापराचा, तुमच्या तासांना साधारण २,०००. वार्षिक तपासणी आणि तीत निघणारी कामं मिळून ४,०००. इतकं जुनं विमान यापेक्षा कमीत सुटलं तर नशीब समजा. काउंटीचा प्रॉपर्टी टॅक्स, जो कॅलिफोर्नियात विमानावर दरवर्षी भरावा लागतो, १,१५० च्या आसपास. नॅव्हिगेशनचा डेटा वगैरे ६५०. झाले १०,२००. कर्जाचा हप्ता महिना ८३७ येतो आणि त्यात पहिल्या वर्षी व्याजच ७,१०० आहे. म्हणजे विमान जागेवरून हललं नाही तरी वर्षाला १७,३०० गेले.

हललं की तासाला आठ गॅलन पेट्रोल, तेल, इंजिनसाठी बाजूला काढायचे २० आणि किरकोळ दुरुस्ती, मिळून ९४. तुमच्या क्लबात असंच विमान पेट्रोलसकट १७५ ला मिळतं असं तुम्हीच लिहिलंय. तासामागे ८१ वाचतात. १७,३०० भरून काढायला वर्षाला २१३ तास उडायला हवं. तुम्ही ५८ उडालात. विमान दारात असलं की तास वाढतात हे खरं, पण चौपट होत नाहीत. आणि खरेदीच्या वेळी राज्याला जो यूज टॅक्स (खासगी खरेदीवरचा विक्रीकरच) द्यावा लागेल, तो मी यात धरलेलाच नाही. सव्वासात टक्क्यांपासून सुरू होतो.

आता लॉगबुक. पानं पाठवलीत हे फार बरं केलंत. इंजिनाचं ओव्हरहॉल (पूर्ण खोलून नव्यानं बांधणी) १९९९ मध्ये, तेव्हापासून १,६५० तास. इंजिन बनवणाऱ्या लायकमिंगची ओव्हरहॉलची शिफारस २,००० तासांची किंवा १२ वर्षांची, जे आधी होईल ते. खासगी मालकावर ती बंधनकारक नाही, म्हणून विक्रेता '३५० तास बाकी' असं लिहू शकतो. पण २०१९ ते २०२४ या काळातल्या नोंदी बेरजेला धरा : ४१ तास. सहा वर्षांत! या इंजिनात कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) वरच्या बाजूला असतो. विमान उभं राहिलं की त्यावरचं तेल निथळून जातं, गंज धरतो, आणि पुढे तो गंजच टॅपेट (कॅमवर घासणारा भाग) खात बसतो. त्यात हे ओ-३२०-एच२एडी, म्हणजे १९७७ ते १९८० च्या १७२ मध्ये बसवलेलं आणि नेमक्या याच दुखण्यासाठी बदनाम असलेलं इंजिन. एफएएने (अमेरिकेचं विमान वाहतूक खातं) त्यात तेलाबरोबर लायकमिंगचं ठरावीक अ‍ॅडिटिव्ह घालणं सक्तीचं केलं. प्रत्येक ऑइल चेंजच्या नोंदीत ते, किंवा ते आधीच मिसळलेलं तेल, लिहिलेलं असायला हवं. तुम्ही पाठवलेल्या पानांत दोन ठिकाणी ते नाही.

ओव्हरहॉल, काढणं-बसवणं धरून, ४०,००० समजा. २,००० पैकी १,६५० तास आधीच्या मालकांनी वापरले, म्हणजे त्यातले ३३,००० त्यांनी खर्च केले आणि बिल तुमच्या नावावर येणार. तेव्हा या विमानाची किंमत १,०५,००० नाही, १,३८,००० आहे. आजचं इंजिन धरून ७५,००० च्या वर मी बोललो नसतो.

तुमच्या योजनेचा खरा कणा आहे शिकवण्याचं उत्पन्न, आणि तोच सगळ्यात कच्चा आहे. इन्स्ट्रक्टर व्हायला आधी इन्स्ट्रुमेंट रेटिंग (ढगांतून फक्त उपकरणांवर उडवण्याची परवानगी) आणि कमर्शियल लायसन्स लागतं. कमर्शियलला किमान २५० तास. तुमच्या वेगानं उरलेल्या ११० तासांना जवळजवळ दोन वर्षं. (इन्स्ट्रुमेंटसाठी ग्रीन कार्डवाल्यालाही टीएसएची (वाहतूक सुरक्षा खात्याची) मंजुरी लागते, हे प्रायव्हेटच्या वेळी अनुभवलं असेलच.) शिवाय कमर्शियलसाठी दहा तास 'कॉम्प्लेक्स' (चाकं आत घेता येणाऱ्या), टर्बाइनच्या किंवा आधुनिक स्क्रीनच्या पॅनेलच्या विमानात करावे लागतात. घड्याळी पॅनेलचं १९७८ चं १७२ त्यात बसत नाही. ते दहा तास भाड्यानंच काढावे लागणार. दोन वर्षांनंतरच्या कमाईच्या जोरावर आज कर्ज काढणं मला पटत नाही.

समजा इन्स्ट्रक्टर झालात. स्वतःचं विमान देऊन पैसे घेऊन शिकवलंत की दर १०० तासांनी वेगळी तपासणी बंधनकारक होते. विमा व्यावसायिक होतो, त्याचा हप्ता तिप्पट झाला तरी आश्चर्य मानू नका. विमानतळावर व्यवसाय करायचा वेगळा परवाना लागतो. नवशिका नाकावर लँडिंग करतो आणि १७२ ची फायरवॉल (इंजिन आणि केबिन यांमधली पत्र्याची भिंत) सुरकुतते. ती दुरुस्ती हजारांत जाते. घ्यायच्या आधी याही विमानाची फायरवॉल बघून घ्या, २०१८ पर्यंत ते एका फ्लाइंग स्कूलमध्ये होतं.

आणि शिकायला येणारा कधी येतो? तो तुमच्यासारखाच नोकरदार. त्याला शनिवार-रविवार सकाळ हवी असते, दुपारचा वारा सुटायच्या आत. तुम्हाला ताहोला जायचं तेही शनिवारी सकाळीच. एका दगडात दोन पक्षी मारायचे, पण दगड एकच आणि दोन्ही पक्षी एकाच वेळी बसलेले. विद्यार्थ्याला वेळ दिलीत तर घरचे रुसतील, घरच्यांना दिलीत तर विद्यार्थी दुसरा इन्स्ट्रक्टर शोधेल. शिकवण्याची हौस खरी असेल तर क्लबाच्या विमानावर किंवा विद्यार्थ्याच्या स्वतःच्या विमानावर शिकवा. तुमचा तासाचा दर तोच, भांडवल शून्य.

प्रवासाचंही थोडं. सॅन दिएगो ३६० नॉटिकल मैल, १७२ ला सव्वातीन-साडेतीन तास आणि वर किनाऱ्यावरचं धुकं. एअरलाइन दीड तासात नेते. ताहोजवळच्या ट्रकी विमानतळाची उंची ५,९०० फूट. जुलैच्या ३० अंशांत विमानाला ती ९,००० च्या घरात भासते. तुम्ही दिलेल्या आकड्यांनुसार पूर्ण टाकी भरल्यावर ५८० पौंड उरतात, चौघांचं वजन ५३०. सामानाला ५० पौंड. मुलगा सातवीत आहे, तो अजून वाढणार आहे! तिथून अर्धी टाकी ठेवून, पहाटे निघण्याची शिस्त पाळणार असाल तरच ताहो करा. माँटेरे, हाफ मून बे, वाइन कंट्री यांसाठी मात्र हे विमान झकास.

ब्रोकरचं अर्धसत्य. १९ जानेवारी २०२५ नंतर घेतलेल्या मालमत्तेवर, वापरलेल्याही, १०० टक्के बोनस डेप्रिसिएशन (सगळा घसारा पहिल्याच वर्षी वजा) परत आलंय. पण व्यवसायाचा वापर निम्म्याहून जास्त असावा लागतो, आणि तुमचा व्यवसाय अजून सुरूच व्हायचाय. सुरू झाला तरी तोटा पगारातून वजा करायला तुम्ही त्यात खरोखर राबता हे दाखवावं लागतं, नाहीतर तो अडकून पडतो. वर्षानुवर्षं तोटाच दाखवलात तर आयआरएस (आयकर खातं) त्याला छंद ठरवू शकते. कॅलिफोर्निया बोनस डेप्रिसिएशन मानतच नाही. आणि विमान विकलंत की वजा केलेली रक्कम साध्या उत्पन्नासारखी करपात्र होते. एवढं ऐकून ब्रोकर काय म्हणतो ते कळवा.

मित्राच्या एलएलसीत तर खड्डाच आहे. ग्रीन कार्डवाला स्वतःच्या नावावर विमान नोंदवू शकतो, पण एलएलसीला नागरिकत्वाची वेगळी कसोटी लागते : तीन चतुर्थांश मताधिकार अमेरिकन नागरिकांकडे, कंपनीचा प्रमुख स्वतः नागरिक, बाकी पदाधिकाऱ्यांतही दोन तृतीयांश नागरिक. तुम्हा दोघांची एलएलसी तिथेच अडेल. शिवाय कॅलिफोर्निया वर्षाला ८०० डॉलर घेणार, आणि तुम्ही स्वतः उडवताना चूक केलीत तर त्या चुकीची जबाबदारी एलएलसी अडवत नाही. ते काम विम्याचं. विम्यात दहा लाखांच्या आत 'दर प्रवाशामागे एक लाख' अशी मर्यादा सहसा असते, ती नीट वाचा. शेजारच्या सीटवर तुमची बायको बसणार आहे. दोघांच्या आयुर्विम्यात खासगी उड्डाण वगळलेलं नाही ना, हेही याच आठवड्यात बघा. घरावरची अंब्रेला (जादा जबाबदारीची) पॉलिसी विमानाला सहसा धरत नाही.

मग काय करावं? इमर्जन्सी फंडाला हात लावू नका. दोघांच्या नोकऱ्या एकाच क्षेत्रात, आणि त्या क्षेत्रात ईमेलवरून माणसं काढतात. मुलीचं कॉलेज दोन वर्षांवर. तोवर भाड्यानं उडवा आणि इन्स्ट्रुमेंट पूर्ण करा. बोनस, शेअर्स यांतून एक वेगळा विमान-फंड करा, महिना त्याच ८३७ पासून. हप्ता परवडतोय का तेही कळेल. मुलगी कॉलेजात स्थिरावली की याच विमानतळावरचे दोन जोडीदार शोधा, नागरिक किंवा ग्रीन कार्डवाले. एच-१बी वरच्या मित्राचं नाव नोंदणीत चालणार नाही. तिघांत प्रत्येकी ३५,००० रोख, स्थिर खर्च ३,४००. वर्षाला ७५ तास उडालात तरी तासाला १३९ पडतो, भाड्यापेक्षा स्वस्त. कोण कधी बाहेर पडणार आणि किंमत कशी ठरणार हे पहिल्या दिवशी कागदावर आणा. वीकेंडची वाटणीही. हे तिघांचं विमान शिकवण्याला लावायचं नाही, हेही त्यातच लिहा.

या विक्रेत्याला डिपॉझिट दिलं असेल तर आजच लेखी घ्या की तुमच्या मेकॅनिकच्या तपासणीनंतर नापसंत पडलं तर ते परत मिळेल. त्या मेकॅनिकनं हे विमान आजवर हाताळलेलं नसावं. टॅपेट काढून कॅम दाखवायला विक्रेता तयार आहे का, एवढंच विचारा. नाही म्हणाला तर पुढचा फोन करायची गरज नाही.