वर्ष कुठे गेलं ते कळतच नाही, असं वाटतं तेव्हा

"दसऱ्याला आपट्याची पानं वाटली, आणि डोळे उघडले तर दारात गुढी. मधलं काही आठवतच नाही." चाळिशी-पन्नाशीतली माणसं समुपदेशनाला येतात तेव्हा पहिल्या तासाभरात कुठेतरी हे येतंच. शब्द वेगळे असतात, पण पाठोपाठ येणारा प्रश्न एकच असतो: माझं काही बिघडलंय का?

इथे ज्यांच्याबद्दल लिहितो आहोत त्या बाई ४६ वर्षांच्या, पुण्यात एका कर सल्लागाराच्या कार्यालयात काम करणाऱ्या. त्यांच्या परवानगीनेच लिहितो आहोत. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. त्यांचं वर्ष तारखांवर चालायचं. ७ तारखेला टीडीएस, ११ आणि २० ला जीएसटी, ३१ जुलैला लोकांची रिटर्न्स, ३० सप्टेंबरला ऑडिट, आणि मग मार्चअखेर. "पाऊस पडला की नाही ते मला छत्री भिजली का यावरून कळतं," असं त्या म्हणाल्या.

उपाय म्हणून त्यांनी दिवाळीच्या सुट्टीत सह्याद्रीतल्या एका ठिकाणी तीन दिवसांचं मौन शिबिर केलं होतं. पहिला दिवस झोपेत गेला, दुसऱ्या दिवशी डोकं दुखलं, तिसऱ्या दिवशी परतल्यावर किती मेल साचले असतील याचा हिशेब मनात सुरू झाला. बाकीचे लोक पहाटेबद्दल भारावून बोलत होते. यांना काहीच वाटलं नाही, आणि काही वाटलं नाही याचाच अपराधभाव घेऊन त्या आमच्याकडे आल्या.

अशा वेळी थेट निसर्गाकडे पाठवायची घाई आम्ही करत नाही. कशातच रस न वाटणं, झोप किंवा भूक बिघडणं, सतत थकवा, आपण कुणाच्या कामाचे नाही असं वाटणं, हे दोन आठवड्यांहून जास्त टिकलं असेल तर आधी मनोविकारतज्ज्ञांना भेटावं. जीव नकोसा वाटत असेल तर एक दिवसही थांबू नये. टेलिमानसची १४४१६ ही सरकारी हेल्पलाइन चोवीस तास चालू असते आणि तिथे मराठीत बोलता येतं. या वयात थायरॉईड, बी-१२, हिमोग्लोबिन तपासून घेणंही गरजेचं. पाळी जाण्याच्या आसपास झोप बिघडते आणि डोक्यात धुकं साचल्यासारखं होतं, ते अनेकदा 'मानसिक' म्हणून खपून जातं. या बाईंचे रिपोर्ट ठीक होते, नैराश्यही नव्हतं. मग पुढचं बोलणं सुरू झालं.

तीन दिवसांत ऋतू बदलताना दिसत नाही, हे त्यांना सांगितलं तेव्हा त्यांना बराच हलकेपणा वाटला. अनोळखी जागी गेलेल्या माणसाला फक्त आजचं दिसतं. बदल हा दोन भेटींमधला फरक असतो, आणि तो दिसायला जागा तीच लागते. गेल्या आठवड्यात इथे पानं होती, आज नाहीत, हे कळायला गेल्या आठवड्यात तिथे बसलेलं असावं लागतं. वर्ष 'न कळता' जाण्याचं कारणही इथेच आहे. एकसारख्या दिवसांना स्मृतीत वेगळ्या खुंट्या मिळत नाहीत, म्हणून मागे वळून पाहिलं की सगळे महिने एकाच ढिगात पडलेले दिसतात.

म्हणून मोठ्या शिबिराऐवजी छोटी, ठरलेली बैठक: आठवड्यातून एकदा, तीच जागा, तीच वेळ, ४० मिनिटं. इंग्लंडमधल्या सुमारे २०,००० लोकांच्या २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आठवड्याला एकूण किमान १२० मिनिटं निसर्गात घालवणाऱ्यांनी आपली तब्येत आणि मन अधिक ठीक असल्याचं सांगितलं होतं. तो आकडा ऐकून लोक दोन तासांचा संकल्प करतात आणि तिसऱ्या आठवड्यात मोडतात. चाळीस मिनिटं मोडत नाहीत.

जागा निवडताना बहुतेकांची पहिली चूक होते ती सुंदर जागा शोधण्याची. जागा घरापासून वीस मिनिटांच्या आत हवी. तिथून तीन गोष्टी दिसाव्यात: पानं गाळणारं एक झाड, पायाजवळची हातभर जमीन, आणि थोडं क्षितिज. पुण्याच्या टेकड्यांवर गिरिपुष्पाची लागवड बरीच आहे. जानेवारी-फेब्रुवारीत ती गुलाबी दिसते खरी, पण एका देशी झाडाशेजारी बसलात तर वर्षभर पाहायला जास्त मिळतं. काटेसावर, पळस, पांगारा, पिंपळ, कडुनिंब, कुठलंही चालेल. सदाहरित आंब्याखाली बसलात तर मोहोर सोडला तर सुरुवातीला फरक पकडणं कठीण जातं. टेकडी जवळ नसेल तर खिडकीतून दिसणारं देशी बदामाचं झाडही पुरतं. त्याची पानं लाल होऊन गळतात आणि ते सोसायटीच्या पार्किंगमध्येही असतं.

बाईंनी टेकडीच्या उतारावरची एक काटेसावर निवडली. उतारामुळे तिची एक फांदी हाताशी येत होती. जवळच एक कडुनिंब होता. वेळ रविवारी सकाळी सात ते पावणेआठ, कारण तेव्हा फिरायला येणारे असतात. एकट्या बाईमाणसाने सुनसान वेळ घेऊ नये, घरी सांगून जावं, फोन चालू पण पिशवीत ठेवावा. अत्तर लावू नये, आग्या मोहोळ जवळ असू शकतं. सोबत घडी करता येणारं बसकर, अर्धा लिटर पाणी, टोपी, छोटी वही आणि पेन्सिल. पेन नको, पावसाळ्यात शाई पसरते.

बैठकीतली पहिली दहा मिनिटं काहीच करायचं नसतं. आपण येऊन बसलो की आसपासचे पक्षी गप्प होतात आणि दहा-पंधरा मिनिटांनी पुन्हा आपापल्या कामाला लागतात. बैठकीतून लवकर उठून जाणाऱ्याला हे कधीच ऐकू येत नाही. पुढची दहा मिनिटं फक्त आवाज: आधी सर्वांत लांबचा, मग मधला, मग अगदी जवळचा. त्यानंतर तीन ठरलेल्या गोष्टी त्याच क्रमाने पाहायच्या. शेवटच्या पाच-सात मिनिटांत पाच ओळी लिहायच्या. फोटो काढायचाच असेल तर लिहून झाल्यावर एक, त्याच कोनातून. आधी फोटो काढला की डोळ्यांचं काम संपतं. झाडाचं नाव अ‍ॅपवर शोधण्याबाबतही तेच. नाव महिन्याभराने कळलं तरी चालतं.

बाईंची सुरुवात नोव्हेंबरअखेरीस झाली. चौथ्या आठवड्यात त्या वही पुढे सरकवून म्हणाल्या, "काही बदलतच नाही." नोंदी अशा होत्या: 'छान वाटलं. शांत होतं. हवा गार.' अडचण नेमकी या शब्दांत होती. 'छान' दर आठवड्याला छानच असतं. झाडांच्या ऋतुबदलाच्या नोंदी ठेवणाऱ्या सीझनवॉच या देशभरच्या उपक्रमात साधी पद्धत आहे: कोवळी पानं, जून पानं, कळ्या, फुलं, फळं, प्रत्येकासमोर फक्त 'नाही', 'थोडी' किंवा 'भरपूर'. आम्ही तीच घेतली आणि एक भर घातली. हाताशी येणाऱ्या फांदीच्या एका डहाळीला सुती दोरा सैल बांधायचा आणि त्या डहाळीवरचं सगळं मोजायचं. नायलॉनचा किंवा घट्ट दोरा नको, फांदी जाड होताना सालीत रुततो.

हिशेबाची सवय असलेल्या बाईंना मोजणं जमलं. २१ डिसेंबरच्या आठवड्यात दोऱ्यापलीकडे नऊ पानं होती, पिवळी. पुढच्या रविवारी चार. मग एकही नाही, आणि त्याच्या पुढच्या नोंदीत 'टोकाला सात काळपट गाठी, शर्टाच्या बटणाएवढ्या'. त्या कळ्या होत्या. जानेवारीच्या शेवटच्या रविवारी पहिलं फूल उघडलं, आणि त्या दिवशी वहीत पाचऐवजी सव्वीस ओळी होत्या. पाकळ्या पाच, जाड, बाहेरून मऊसूत. झाडावर एकही पान नाही पण गर्दी बाजारासारखी: मैना, शिंजीर, आणि थव्याने आलेल्या भोरड्या. खार फूल दोन हातांत धरून खात होती. फूल गळतं ते पाकळी पाकळी करून नाही, अख्खंच, आणि त्याचा 'टप्प' असा आवाज होतो. "हा आवाज मी आयुष्यभर ऐकला असणार," त्या म्हणाल्या, "पण मान वर केली नव्हती."

मार्चमध्ये चार रविवार चुकले. ते चुकणारच होते. आमचा आग्रह एवढाच होता, की खाडा पडला तर मागच्या नोंदी आठवून भरायच्या नाहीत. पान कोरं सोडायचं. ५ एप्रिलला त्या गेल्या तेव्हा फुलं संपली होती. हिरवी बोंडं लागली होती आणि डहाळीच्या टोकाला मिटलेल्या छत्रीसारखी कोवळी पानं. त्यांना फार वाईट वाटलं, मी पुन्हा तेच केलं म्हणून. पण चार कोरी पानं आणि मग ही नोंद, हे आमच्या दृष्टीने सगळ्या वहीतलं महत्त्वाचं ठिकाण होतं. आदल्या वर्षीपर्यंत मार्चमध्ये काय निसटतं हेच त्यांना माहीत नव्हतं.

त्याच महिन्यात कडुनिंब फुलला. बारीक पांढरी फुलं, गोडसर वास. त्या रविवारी बाई दहा मिनिटांत उठून परत आल्या आणि दुसऱ्या दिवशी फोन केला. दोन वर्षांपूर्वी वडील रुग्णालयात होते. खाटेशेजारच्या खिडकीबाहेर कडुनिंब होता आणि रात्री हाच वास यायचा. ते गेल्यानंतर चौदाव्या दिवशी त्या कामावर रुजू झाल्या होत्या, कारण सुट्टी उरली नव्हती. वडिलांचं जाणं त्यांच्या डोक्यात तिथीला होतं, तारखेला होतं. झाडात होतं हे त्यांना माहीत नव्हतं.

शांत बसण्याचा सल्ला देणाऱ्या प्रत्येकाने हे लक्षात ठेवावं असं आम्हाला कळकळीने वाटतं. कधी कधी माणूस ऋतूकडे पाहत नाही, कारण एका ऋतूत काहीतरी ठेवलेलं असतं. ते वर आलं की 'आणखी खोल श्वास घ्या' म्हणून चालत नाही. डोळे उघडे ठेवायचे, उठून चालायचं, हातात दगड किंवा माती घ्यायची, आणि त्या दिवशीची बैठक तिथेच संपवायची. दुसऱ्या आठवड्यात कुणाला तरी सोबत न्यायचं. बाईंनी धाकट्या भावाला नेलं. कडुनिंबाखाली दोघं तासभर वडिलांबद्दल बोलत बसले. वही उघडलीच नाही. पुढची तीन सत्रं आम्ही फक्त त्या दोन आठवड्यांवर घेतली.

या टप्प्यावर अर्ध्या दिवसाची बैठक उपयोगी पडते, चार तासांची, तीन महिन्यांतून एकदा. मेमध्ये त्यांनी ती घेतली. १३-१४ मेच्या सुमारास पुण्यात दुपारी साडेबाराला सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली नाहीशी होते. डिसेंबरअखेरीस त्याच वेळी एक मीटरच्या काठीची सावली सुमारे ९० सेंटिमीटर असते, २१ मार्चला ३३ सेंटिमीटरच्या आसपास. बाईंनी डिसेंबरमध्ये गच्चीवर खडूने केलेली खूण अजून होती. मेमध्ये काठी तिथेच उभी करून त्यांनी जावेला आणि पुतण्यालाही बोलावलं.

जाता जाता पाठ्यपुस्तकातल्या सहा ऋतूंबद्दल. ज्येष्ठ-आषाढ म्हणजे ग्रीष्म असं आपण पाठ केलेलं असतं, आणि आषाढात तर इकडे वारकरी भिजत चालतात. समोरचं झाड आणि पाठ केलेला श्लोक जुळला नाही की लोक गोंधळतात. नोंद झाडाची ठेवावी.

पावसाळ्यात बैठक बंद करू नये, बदलावी. वीज चमकत असेल तर झाडाखाली आणि टेकडीवर जायचं नाही. शेवाळावर पाय सरकतो, गवतात साप असतो, म्हणून मोकळ्या पायवाटेवर उभं राहून वीस मिनिटं पुरेत. बाईंच्या वहीत मे अखेरीपासून पावशाचं ओरडणं आहे, 'पेरते व्हा, पेरते व्हा', दर आठवड्याला वाढत्या सुरात. जूनच्या दुसऱ्या रविवारी ओल्या मातीवर मृगाचे किडे, मखमली लाल, हातभर जमिनीत अकरा. मुठीएवढ्या ढेकळाभोवती फिरणाऱ्या एका किड्यामागे त्यांनी पंधरा मिनिटं घालवली होती.

जुलैमध्ये आमची सत्रं संपली. शेवटच्या भेटीत त्यांनी वही आणली होती आणि त्याच आठवड्यातली नोंद वाचून दाखवली: 'पानं हाताच्या पंजासारखी, एकेका देठाला पाच ते सात. मोजणं बंद केलं. दोरा शोधला, पानांत कुठे गेला ते सापडत नाही. पुढच्या रविवारी पुन्हा बघते.'