चिखलणीनंतर गिअर ऑइल पांढुरके का होते?

संगमेश्वरकडील भातखाचरांत पहिल्याच चिखलणीनंतर मिनी ट्रॅक्टरचे गिअर ऑइल ताकासारखे पांढुरके झाले, सर्व्हिसिंग मात्र तासांप्रमाणे वेळेवर केलेली होती, मग असे का व्हावे, असा आपला प्रश्न आहे. इंजिन ऑइल आणि फिल्टर यांसाठी तासांचे वेळापत्रक योग्यच आहे. पण कोकणात जे भाग चिखलपाण्यात बुडतात त्यांची देखभाल तासांवर नव्हे, तर रोजच्या कामावर ठरवावी लागते.

ऑइल पांढुरके झाले म्हणजे आत पाणी शिरले. हे पाणी केवळ काम चालू असतानाच शिरते असे नाही. दिवसभर तापलेला ट्रॅक्टर जेवणाच्या वेळी खाचरातच उभा केला, की थंड पाण्यामुळे गिअरबॉक्सचे हाउसिंग, म्हणजे बाहेरचे कवच, झपाट्याने निवते, आतली हवा आकसते आणि बाहेरचे पाणी अॅक्सलच्या सीलमधून, म्हणजे फट बंद करणाऱ्या कड्यातून, आत ओढले जाते. गिअरबॉक्सचा ब्रीदर, म्हणजे हवा आत-बाहेर होण्याची वाट, चिखलाने बुजलेला असेल तर हवेला दुसरी वाटच उरत नाही आणि सगळा ओढा सीलवर येतो. म्हणून थोडा वेळ थांबायचे असले तरी ट्रॅक्टर बांधाबाहेर कोरड्यावर घ्यावा, आणि रोज संध्याकाळी ब्रीदर पुसून मोकळा असल्याची खात्री करावी.

सकाळी इंजिन चालू करण्यापूर्वी गिअरबॉक्सच्या तळाचे बूच किंचित सैल करून पाहावे. पाणी ऑइलपेक्षा जड असल्याने रात्रभरात खाली बसते आणि आधी तेच बाहेर येते. ऑइल एकदा पूर्ण घुसळले गेले असेल, तर वरून नवे ओतून भागणार नाही. ते कोमट असताना सगळे काढावे, नवे भरून ट्रॅक्टर थोडा चालवावा आणि पुन्हा पांढुरके दिसल्यास तेही बदलावे. अनेक ट्रॅक्टरांत गिअर, हायड्रॉलिक लिफ्ट आणि ऑइलमधील ब्रेक यांना एकच ऑइल असते, त्यामुळे येथे काटकसर केली तर लिफ्टच्या पंपाचे आणि ब्रेकचेही नुकसान होते. सील बदलण्यापूर्वी अॅक्सलभोवती गवत, पेंढा किंवा नायलॉनचा दोरा गुंडाळलेला आहे का ते नीट पाहावे. तो तसाच राहिला तर नवे सीलही लवकरच कापले जाईल. क्लच हाउसिंगच्या तळाशी भोक असेल, तर चिखलणीपूर्वी त्याला बूच लावावे आणि चिखलणी संपताच ते काढावे.

ग्रीसबद्दल एवढेच, की चिखलणीच्या दिवसांत रोज काम संपल्यावर, जुने चिखलमिश्रित ग्रीस बाहेर पडेपर्यंत नवे भरावे.

आपण विचारलेले नसले तरी एक गोष्ट कळकळीने सांगतो. ट्रॅक्टर खोल रुतल्यावर मागच्या चाकांना आडवा ओंडका बांधून तो पुढे काढण्याचा प्रयत्न कधीही करू नये. चाके फिरायची थांबली की इंजिनचा जोर पुढचा भाग वर उचलतो आणि ट्रॅक्टर चालकाच्या अंगावर मागे उलटतो. क्लच दाबायलाही वेळ मिळत नाही. शक्य असेल तर रिव्हर्समध्ये मागे यावे, नाहीतर दुसऱ्या ट्रॅक्टरने ओढून घ्यावे. उंच बांध चढतानाही हाच धोका असतो, म्हणून तो रिव्हर्समध्ये चढणे सुरक्षित. घाटीच्या उतारावर क्लच दाबून किंवा न्यूट्रलमध्ये गाडी सोडू नये; खालचा गिअर उताराआधीच टाकावा.

लावणी आटोपल्यावर ट्रॅक्टर गोड्या पाण्याने धुवावा. खाडीलगतच्या खार जमिनीत काम केले असेल तर त्याच दिवशी. आपल्याकडच्या दमट हवेत अर्धवट रिकाम्या टाकीत पाणी साचते, म्हणून उभा करताना डिझेल भरून ठेवावे आणि पुन्हा चालू करण्यापूर्वी फिल्टरच्या तळाचे पाणी काढावे. बरेच दिवस उभा राहणार असेल, तर क्लचचे पेडल दाबून लाकडी ठोकळ्याने तसेच अडकवावे. नाहीतर क्लचची प्लेट गंजून फ्लायव्हीलला, म्हणजे इंजिनच्या जड चाकाला, चिकटते आणि पुढच्या पावसाच्या तोंडावर गिअरच पडत नाही.