मुलांना पहिल्या डोंगरसहलीला नेण्याआधी एवढं बघा

शिखर गाठायचं वगैरे आत्ता डोक्यातून काढून टाका. मुलं सुखरूप परतली आणि ‘पुन्हा कधी?’ म्हणाली, तर भरून पावलं.

- बूट, रेनकोट, बाटली सगळ्यांनाच द्या. ‘कुणाकडे नाही?’ असं चारचौघांत विचारलंत, तर हात वर करण्याऐवजी मूल दुसऱ्या दिवशी येणारच नाही. नवे बूट आधी घालून चालू द्या. टाच लाल दिसली की तिथेच थांबून पट्टी लावा, फोडाची वाट बघू नका.
- सर्वांत हळू चालणारं मूल पुढे, एक जाणता माणूस शेवटी. प्रत्येक थांब्यावर डोकी मोजा.
- सहल नेणारे नवखे हमखास भाषणं ठोकतात. त्यापेक्षा मुलांना दगड उलटून खाली काय आहे ते बघू द्या (आणि परत तसाच ठेवायला लावा).

दोरीकाम (दोरीने चढणं-उतरणं), मुक्काम पुढे बघू. आधी पालकांना भेटा. नुसता फॉर्म पाठवून भागत नाही.