अ‍ॅडॉप्ट, अ‍ॅडॅप्ट आणि आपला 'आप्त'

दांडिया बाजारातील एका वाचक भगिनींनी विचारले आहे की, मुलाच्या शाळेतील नाटकाच्या पत्रिकेवर 'एका कथेवरून अ‍ॅडॉप्ट केलेले नाटक' असे छापले आहे, ते बरोबर आहे का. आणि 'अ‍ॅडेप्ट' हा त्याच शब्दाचा निराळा उच्चार आहे का.

पत्रिकेवरील शब्द चुकीचा आहे. कथेचे नाटक करणे म्हणजे अ‍ॅडॅप्ट करणे. ही गफलत इतक्या वेळा कानी पडते की आता ऐकवत नाही. परवाच रावपुऱ्यातील मोबाइलच्या दुकानात माझ्यापुढच्या गृहस्थांनी 'चार्जरचा अ‍ॅडॉप्टर' मागितला आणि दुकानदाराने बिलावरही तेच लिहिले. भिंतीतील वीज फोनला मानवेल अशी करून देणे, म्हणजे जुळवून देणे, हे त्या डबीचे काम. म्हणून ती अ‍ॅडॅप्टर.

अ‍ॅडॉप्टच्या पोटात 'ओप्तारे' हे निवडणे या अर्थाचे लॅटिन क्रियापद आहे; 'ऑप्शन' त्याचेच अपत्य. बडोदेकरांना हे उदाहरणाने लगेच पटेल. 1875 साली नाशिक जिल्ह्यातील कवळाण्याहून आणलेल्या तीन भावांमधून महाराणी जमनाबाईंनी बारा वर्षांच्या गोपाळरावांना निवडले आणि ते सयाजीराव झाले. मात्र त्याच विधीला आपण 'दत्तकविधान' म्हणतो आणि 'दत्त' म्हणजे दिलेला. इंग्रजी शब्द घेणाऱ्याच्या निवडीकडे पाहतो, तर आपला शब्द पोटचे मूल दुसऱ्याच्या ओटीत घालणाऱ्या आईबापांकडे पाहतो. मला आपला शब्द अधिक खोल वाटतो, कारण त्या घरच्या दुःखाची नोंद त्याच्या व्युत्पत्तीतच राहिली आहे.

खरी गंमत अ‍ॅडॅप्टमध्ये आहे. त्यातील 'आप्तुस' या लॅटिन विशेषणाचा अर्थ जोडलेला, चपखल बसणारा असा आहे आणि ज्या प्राचीन धातूपासून ते आले, त्याच धातूपासून संस्कृतातील 'आप्' म्हणजे पोहोचणे, मिळवणे हा धातू आला. त्याला 'क्त' प्रत्यय लागून 'आप्त' होतो, आणि लॅटिनमधील 'तुस' हा त्याच प्रत्ययाचा भाऊ आहे. म्हणजे लग्नपत्रिकेवर आपण ज्यांना 'आप्तेष्ट' म्हणून बोलावतो, त्यांच्या नावातील पहिला अर्धा भाग अ‍ॅडॅप्टच्या पोटात बसलेला आहे.

अ‍ॅडेप्ट तर याहून जवळचा. तो निराळा उच्चार नव्हे आणि क्रियापदही नव्हे. 'आद' या उपसर्गासह तयार झालेल्या, मिळवणे या अर्थाच्या लॅटिन क्रियापदाचे ते भूतकालवाचक धातुसाधित आहे. आपण 'प्र' लावून 'प्राप्त' केले, रोमनांनी 'आद' लावून 'आदेप्तुस' केले. मधला 'आ' जाऊन 'ए' का आला, तर उपसर्गामागे गेलेला स्वर लॅटिनमध्ये असा बदलतो. 'आप्तुस'चेच नकारार्थी रूप 'इनेप्तुस' होते, ज्यावरून इंग्रजीतील 'इनेप्ट' आला. सोने बनवण्याचे रहस्य प्राप्त झाले असे मानणाऱ्या युरोपीय किमयागारांसाठी 'आदेप्तुस' हा शब्द वापरत, आणि तिथून अ‍ॅडेप्ट म्हणजे निष्णात.

येथील एक निवृत्त संस्कृत शिक्षक गेली काही वर्षे व्याख्यानांतून सांगतात की, दत्तक मुलगा आप्त होतो, म्हणून अ‍ॅडॉप्ट हा शब्द 'आप्त'वरून आला. त्यांच्या संस्कृतविषयी मला आदर आहे, पण हे मत मी मुळीच मान्य करणार नाही. अ‍ॅडॉप्टमधला 'ऑ' हा 'ओप्तारे'चा मूळ स्वर आहे आणि तो 'आप्'पासून कोणत्याही नियमाने निघत नाही. अर्थ जुळला म्हणून कूळ जुळत नाही. ज्या घराण्यात त्यांना आप्त शोधायचा आहे, ते शेजारच्या अ‍ॅडॅप्टचे घराणे आहे.

पत्रिका पुन्हा छापणार असतील, तर 'नाट्यरूपांतर' लिहावे.