इमारत पाडताना दर्शनी भिंतीवरचं मोठं ब्राँझ शिल्प वाचवता येतं का?

‘शिल्पकाराचे पैसे तेव्हाच चुकते केले, आता भिंतही आमची आणि शिल्पही आमचं’ असं तुमच्या सोसायटीची समिती म्हणते ना? साफ चूक आहे. सरकारनं नेमकं हेच न्यायालयात मांडलं होतं आणि ते हरलं.

दिल्लीच्या विज्ञान भवनातलं अमरनाथ सेहगल यांचं भित्तिशिल्प: ब्राँझचं, १४० फूट लांब, ४० फूट उंच. काम १९५७ मध्ये मिळालं, १९६२ मध्ये पुरं झालं. १९७९ मध्ये नूतनीकरणात ते शिल्पकाराला न कळवता उतरवून गोदामात टाकलं. काही भाग मोडले, काही हरवले. सेहगल १९९२ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात गेले. निकाल २००५ चा: उरलेले तुकडे परत करा आणि ५ लाख रुपये भरपाई द्या. आधार कॉपीराइट कायद्याचं कलम ५७: आपल्या कलाकृतीचं विद्रूपीकरण रोखण्याचा आणि त्याची भरपाई मागण्याचा कर्त्याचा हक्क. कॉपीराइट विकला तरी कर्त्याचा हा हक्क उरतो. कलाकृती नष्ट करणं म्हणजे विद्रूपीकरणाची परिसीमा, असं न्यायालय म्हणालं. पण २६ वर्षांनी हातात आलं काय, तर तुकडे.

म्हणून खरी लढाई उतरवण्याच्या दिवशी असते. पाडकामाच्या ठेकेदाराला शिल्पाला हात लावू देऊ नका, त्याला ब्राँझ म्हणजे भंगाराचा भाव दिसतो. ओतकाम जाणणारा माणूस आणा. मोठं ब्राँझ आतून पोकळ असतं, तुकड्यातुकड्यांनी ओतून जोडलेलं. ते जुने सांधे आधी शोधा आणि तिथेच कापा, तेही पातळ चकतीनं. गॅस कटरनं पत्रा वाकतो, वरचा रंग जळतो आणि पुन्हा जोडताना कडा जुळत नाहीत. आतला लोखंडी सांगाडा गंजून फुगलेला असू शकतो. तो न तपासता क्रेननं उचललं की सांधा उसवतो. पट्टे शिल्पाच्या हातापायांना नाही, सांगाड्याला बांधायचे.

कापण्याआधी समोरून पूर्ण फोटो काढा, त्यावर तुकड्यांचे क्रमांक टाका आणि तेच क्रमांक पितळी बिल्ल्यांवर ठोकून तारेनं आतल्या बाजूला बांधा. खडूचे आकडे पहिल्याच पावसात जातात. मग कोणता तुकडा कुठला, हे शिल्पकारालाही सांगता येत नाही.

आता अडचणीचं. कलम ५७ खाली दावा शिल्पकार किंवा त्याचे वारसच लावू शकतात, रहिवासी नाही. शिल्प नुसतं प्रदर्शित न करणं हा भंग धरत नाहीत. आणि दिल्लीच्या प्रगती मैदानावरचं हॉल ऑफ नेशन्स हे प्रदर्शन-दालन २०१७ मध्ये पाडलं, तेव्हा वास्तुविशारद राज रेवल यांचा दावा त्याच न्यायालयानं २०१९ मध्ये फेटाळला. ती इमारत होती, शिल्प नव्हे, पण तुमच्या बिल्डरचा वकील तोच निकाल पुढे करेल. म्हणून शिल्प वाचवा अशी मागणी करणारं शिल्पकाराचं किंवा त्याच्या वारसांचं पत्र आजच घ्या.