‘तुम्ही बसा, मी करते’

प्रश्न: मावशी, मी मूळची साताऱ्याची. नवरा जपानी, आम्ही सैतामात राहतो. मुलगा एप्रिलमध्ये पहिलीत गेला. खालच्या मजल्यावर सासूबाई असतात, मी त्यांना ‘ओकासान’ (जपानीत आई) म्हणते, वय ७४. त्यांना महापालिकेकडून २५ प्रश्नांचा फॉर्म आला होता. भरून टेबलावर ठेवलेला दिसला, म्हणून मोबाइलवर भाषांतर करून वाचला. बस, बँक, जिना, चालणं, सगळं ठणठणीत. पण ‘गेल्या दोन आठवड्यांत आपण उपयोगी माणूस आहोत असं वाटत नाही’ याला त्यांनी ‘हो’वर गोल केलाय. आणि ‘घरचे किंवा मित्रमैत्रिणी तुमच्याकडे सल्ला मागतात का’ याला ‘नाही’. मी तर त्यांना कशाला हात लावू देत नाही. नातवाचा डबा त्या करायच्या, तोही आता शाळेतच जेवण मिळत असल्याने सुटला. नवरा म्हणतो, या वयात सगळेच असं लिहितात, सोडून दे. इंटरनेटवर वाचलं की स्वतःच्या म्हातारपणाबद्दल वाईट वाटणारे साडेसात वर्षं कमी जगतात. झोप उडालीये. माझं काही चुकतंय का?
– ओकासानची सून

उत्तर:

आधी तुझा कान धरते. दुसऱ्याने भरलेला फॉर्म वाचायचा नसतो, मग तो टेबलावर उघडा का पडलेला असेना.

आता ते साडेसात. आपल्याकडे हा आकडा ऐकला की शनीच आठवतो, तुझंही तेच झालेलं दिसतंय. तो अभ्यास येल विद्यापीठातल्या बेका लेव्ही यांचा, २००२ सालचा. अमेरिकेतल्या ओहायोमधली पन्नाशीच्या पुढची ६६० माणसं होती. आपल्या वाढत्या वयाकडे बऱ्या नजरेने पाहणारे आणि तसं न पाहणारे, अशा दोन गटांतला तो फरक. त्यावरून तुझ्या सासूबाईंच्या आयुष्यातून वर्षं वजा करायला बसू नकोस.

पण नवऱ्याचं ‘सोडून दे’ही मला पटत नाही. जपानमध्येच, मियागी प्रांतातल्या ओसाकी भागात, ४० ते ७९ वयाच्या ४३ हजारांहून अधिक लोकांना एक साधा प्रश्न विचारला होता: तुमच्या जगण्यात ‘इकिगाई’, म्हणजे जगावंसं वाटायला लावणारं काही, आहे का? मग सात वर्षं त्यांच्यावर लक्ष ठेवलं. ‘नाही’ म्हणणाऱ्यांत मृत्यूचं प्रमाण जास्त निघालं. २००८ साली ते प्रसिद्ध झालं. तेव्हा असल्या उत्तरात काहीतरी असतं, एवढं धरून चालू.

काय असतं, ते मात्र नीट बघायला हवं. ‘वय वाढतं तसं माणूस कमी उपयोगी होतो’ हे वाक्य अमेरिकी मानसशास्त्रज्ञ पॉवेल लॉटन यांच्या १९७० च्या दशकातल्या, म्हाताऱ्या माणसांची उमेद मोजणाऱ्या फिलाडेल्फियाच्या प्रश्नावलीत आहे, आणि ती जपानमध्येही खूप वापरली गेली. पण स्वतःच्या हाताने ‘मी उपयोगी आहे’ असं लिहून सरकारी कचेरीत पाठवणं तिथल्या कितीतरी बायकांना फुशारकी वाटेल. आपल्या आज्या काय वेगळ्या होत्या? ‘माझं काय आता, पिकलं पान’ म्हणायच्या, आणि कमरेचा किल्ल्यांचा जुडगा सुनेच्या हाती जाऊ द्यायच्या नाहीत. शिवाय त्या फॉर्मवर फक्त ‘हो’ आणि ‘नाही’. ‘कधीकधी’ला जागाच नाही. त्यामुळे त्या एका गोलाने मी घाबरणार नाही.

तुझ्यापुढे आलेला फॉर्म म्हणजे बहुतेक ‘किहोन चेकलिस्ट’, म्हाताऱ्या माणसांची तब्येत जोखायची जपानी सरकारी प्रश्नावली, २००६ पासूनची. तिचे शेवटचे पाच प्रश्न मनाचे: दिवस भरल्यासारखा वाटतो का, पूर्वी आवडायचं ते अजून आवडतं का, सोपी कामं जड वाटतात का, आपण उपयोगी वाटतो का, उगाच थकवा येतो का. या पाचांत दोन किंवा अधिक उत्तरं वाईट बाजूला गेली तर नैराश्याची शंका घेतात. तू एकच सांगितलंस. बाकी चार नीट आठव.

मला जास्त टोचलं ते सल्ल्याचं उत्तर. ‘मी उपयोगी नाही’ यात विनय असू शकतो. ‘मला कोणी काही विचारत नाही’ यात विनय कसला आलाय? ती घरातली बातमी आहे.

तू लिहिलंस, त्यांना कशाला हात लावू देत नाहीस. साताऱ्यात हे सुनेचं कौतुक. ‘तुम्ही बसा, मी करते’ हे वाक्य मीही माझ्या सासूबाईंना हजारदा ऐकवलंय. पण या बाई एप्रिलपर्यंत रोज सकाळी उठून नातवाचा बेंतो भरत होत्या. बालवाडी संपली, डबा संपला, आणि त्या जागी तू त्यांना काय दिलंस? बसायला सांगितलंस. तुझा हेतू वाईट नव्हता गं. पण पंधरा मिनिटं सलग चालणाऱ्या, कठडा न धरता जिना चढणाऱ्या बाईला नुसतं बसवून ठेवलं तर ती काय लिहील?

आणखी एक. पुढच्या वर्षी त्या ७५ च्या होतील आणि त्यांचा आरोग्यविमा वेगळ्या योजनेत जाईल. ही योजना २००८ साली आली, तेव्हा नावात ‘उत्तरकालीन वृद्ध’ असं म्हटल्यावरून तिथले म्हातारे भयंकर चिडले होते. बरोबरच होतं त्यांचं! उलट २०१७ मध्ये तिथल्याच वृद्धत्वशास्त्राच्या संस्थांनी सुचवलं की वृद्ध ७५ नंतरच म्हणावं. म्हणजे त्या हिशेबाने ओकासान अजून म्हाताऱ्याच नाहीत. ते पत्र येईल तेव्हा ‘जपा आता’ वगैरे बोलू नकोस.

करायचं काय? त्यांना खोटं काम काढून देऊ नकोस, त्या लगेच ओळखतील. तुला खरी गरज कुठे आहे ते बघ. जपानी शाळेतून घरी कागदांचा पाऊस पडतो. आज काय न्यायचं, सहामाहीला काय शिवून द्यायचं, फरशी पुसायची फडकी किती, गणिताच्या संचातल्या चिमुकल्या चकत्यांवर नावाची चिठ्ठी कुठे चिकटवायची. हे सगळं तू मोबाइलला विचारतेस, आणि ज्या बाईने स्वतःचं पोर त्याच शाळापद्धतीतून काढलं ती खालच्या मजल्यावर रिकामी बसलेली. कागद घेऊन खाली जा. ‘मला हे कळत नाहीये’ म्हण. ते खरंच आहे. शाळेचा क्रीडादिन येईल तेव्हा डबा त्यांच्याकडे सोपव, आणि त्यांच्या पद्धतीने होऊ दे. मध्ये चटणी घुसवू नकोस.

महिन्याभराने त्या पूर्वीसारख्या मैत्रिणींकडे जातात का, बाहेर पडणं कमी झालंय का, ते बघ. तुलना त्यांच्याच गेल्या वर्षाशी कर, शेजारणीशी नको. झोप, भूक बिघडली, आवडीचं नकोसं झालं, तर तुमच्या भागातल्या ‘चिइकी होकात्सु शिएन सेंटर’ला, म्हणजे वृद्धांसाठीच्या स्थानिक मदत केंद्राला, फोन कर. सल्ला फुकट असतो, आणि घरच्यांनी फोन केलेला चालतो. ‘जगून काय करायचं’ असं तोंडातून एकदा जरी निघालं, तरी महिना मोजत बसू नकोस, त्याच दिवशी डॉक्टर गाठ.

आणि नवऱ्याला हे पत्र वाचून दाखव. त्या सल्ल्याच्या प्रश्नात ‘घरचे’ म्हटलंय. त्यात त्यांचा मुलगा आधी येतो.

– मावशी